स्वतःच्याच अपघाताचा कंटाळा

पहिल्या भेटीत थेरपिस्ट मॅडमनी एक कागद पुढ्यात ठेवला. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, सगळे मिळून ८०. पीसीएल-५ म्हणतात त्याला. गेल्या महिन्याभरात नको असताना आठवणी किती छळल्या, झोप किती मोडली, दचकणं किती झालं, स्वतःला किती दोष दिला, असे प्रश्न. बेरीज ३१ ते ३३ च्या पुढे गेली की पीटीएसडीची, म्हणजे मोठ्या आघातानंतर न ओसरणाऱ्या मानसिक त्रासाची, शक्यता धरून नीट तपासणी करतात. माझी बेरीज बरीच पुढे गेली होती. 'कागदावरून निदान होत नसतं' असं म्हणून मॅडमनी मग सावकाश, एकेक करून सगळं विचारलं. विचारलं नाही ते फक्त अपघाताबद्दल. मला हायसं वाटलं. त्याचं कारण पुढे कळलं, ते सुखाचं नव्हतं.

दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. रात्रीची वेळ, तो गाडी चालवत होता, मी शेजारी. पुढची गाडी ओलांडायला त्याने इंडिकेटर दिला, लेन बदलली आणि त्या लेनमध्ये एक बंद पडलेला ट्रक मागचे दिवे न लावता उभा होता. दादा गेला, मी वाचले. आज हे इतक्या सरळ लिहिता येतंय. तेव्हा तोंडातून 'ट्रक' हा शब्दही निघत नसे.

धडकेनंतर इंजिन बंद पडलं, पण इंडिकेटर चालूच राहिला. टिक-टॉक, टिक-टॉक. पुढे वर्षभर तो आवाज माझ्या मागे लागला. कोणाच्याही गाडीत बसले आणि वळण आलं की मानेवर घाम फुटायचा. मग गाडीत बसणंच सोडलं. मग रस्त्याकडच्या खोलीत झोपणं सोडलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा ऐकू येतो म्हणून आईने घड्याळ उतरवून कपाटात ठेवलं. माझी काळजी घेणारं प्रत्येक माणूस माझं जग थोडं थोडं आक्रसून देत होतं आणि मी त्यांचे आभार मानत होते.

मोठ्या आघातानंतर पहिले काही आठवडे दचकणं, स्वप्नं पडणं, चिडचिड होणं हे बहुतेकांना होतंच आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. म्हणून महिना उलटल्याशिवाय पीटीएसडीचं निदान करत नाहीत. माझं ओसरलं नाही. 'युद्धावरून आलेल्या सैनिकांना होतं ते ना हे?' असं मीच विचारलं होतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये हे नाव आपल्या निदानसूचीत घातलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता हे खरं. पण अपघात, बलात्कार, भूकंप, मारहाण, कशानेही ते होऊ शकतं. आणि एकाच गाडीतल्या दोन माणसांपैकी एकालाच होऊ शकतं.

हा त्रास हटत का नाही, याचा मॅडमनी सांगितलेला खुलासा मला पटला. साधी आठवण येते तेव्हा ती जुनी आहे हे आठवतानाच माहीत असतं. ही तशी नसते. ती तुकड्यांत असते, आवाज आणि वास घेऊन येते आणि तारखेचा शिक्का न बसलेल्या टपालासारखी रोज आजचीच म्हणून दारात पडते. अँके एलर्स आणि डेव्हिड क्लार्क या दोघांनी २००० साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच: धोका टळलेला असतो, पण मनाच्या लेखी तो अजून चालू असतो. आणि आपण टाळाटाळ करतो म्हणून तो चालूच राहतो. गाडीत न बसल्यामुळे जीव वाचला, असाच हिशेब मन मांडत जातं. न बोलल्यामुळे सावरलो, असाही. खोटं ठरायची संधीच त्या हिशेबाला मिळत नाही.

उपाय एक नव्हता, हे मला नवीन होतं. 'समुपदेशन' म्हणजे समोर बसून बोलायचं आणि ते मान हलवणार, एवढीच माझी कल्पना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातावर थेट काम करणारी वर्तन-बोधात्मक थेरपी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरणारी) या दोन्हींची शिफारस केली आहे. मॅडमनी प्रत्येकात काय करावं लागेल तेच सांगितलं, गुणगान नाही.

एक होती सीपीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. पॅट्रिशिया रेसिक यांची, साधारण १२ सेशनची. तीत घटनेपेक्षा घटनेने आपल्या मनात काय ठाम करून ठेवलं, ते पकडायचं. 'माझ्यामुळे झालं', 'कोणावरच विश्वास ठेवता येत नाही' असे अडकून बसलेले विचार कागदावर काढायचे आणि त्यांची उलटतपासणी घ्यायची. लिखाण बरंच. दुसरी ईएमडीआर, फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून बांधत नेलेली: आठवणीचा सगळ्यात वाईट क्षण मनात धरायचा आणि त्याच वेळी डोळ्यांनी थेरपिस्टच्या हलत्या बोटांचा माग काढायचा. ही लागू पडते याला चांगला आधार आहे. डोळे फिरवल्यामुळेच पडते का, यावर मात्र जाणकारांत अजून वाद आहे. एक खुलासा असा की मनाची तात्पुरती जागा अपुरी असते, तिला दोन कामं लावली की आठवणीचं चित्र फिकं पडतं. माझ्या एका मैत्रिणीला ईएमडीआरने फार बरं वाटलं आणि ती आता त्यावर इतक्या भक्तिभावाने बोलते की मला त्या बोटांची थोडी धास्तीच बसली. हे काही शास्त्रीय कारण नव्हे.

मी तिसरी घेतली, प्रोलाँग्ड एक्सपोजर. एडना फोआ यांनी विकसित केलेली. ८ ते १५ सेशन, एकेक सुमारे ९० मिनिटांचं. दोन कामं: जे टाळतो ते हळूहळू करायचं आणि जे घडलं ते मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगायचं. ऐकूनच पोटात गोळा आला. पण काय करायचं हे तरी स्पष्ट होतं, आणि मला त्या काळात स्पष्ट गोष्टींची फार गरज होती.

औषधांचंही सांगते, कारण त्यावर नातेवाइकांत सगळ्यात जास्त चर्चा झाली. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन सुरू केलं. पीटीएसडीसाठी ते आणि पॅरोक्सेटिन ही दोन औषधं अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्य केलेली आहेत. आधी कोणीतरी दिलेली झोपेची, 'शांत करणारी' गोळी मी महिनोन्‌महिने घेत होते, ती त्यांनी टप्प्याटप्प्याने काढून घेतली. बेंझोडायझेपिन गटातल्या या गोळ्यांची पीटीएसडीसाठी शिफारस होत नाही, शिवाय सवय लागते. एकदम स्वतःच्या मनाने बंद करायच्या मात्र नाहीत.

एक शंका मी विचारलीच. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, मी अजून पलंगावर असताना, एका भल्या माणसाने 'मन मोकळं करा' म्हणत माझ्याकडून सगळं वदवून घेतलं होतं. त्याने तर काही झालं नाही, उलट रात्रभर झोप लागली नाही. मग आता सांगून काय वेगळं होणार? मॅडम म्हणाल्या, तशा एकाच बैठकीचा उपयोग होत नाही हे आता माहीत आहे, काहींचं त्याने बिघडतंही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यानेही तिची सक्ती थांबवावी असंच म्हटलं होतं. 'तेव्हा तुम्हाला गोष्ट सांगायला लावून मधेच सोडून दिलं. इथे आपण तिच्यातून पलीकडे जाईपर्यंत थांबणार आहोत.'

आधी टाळाटाळीची यादी झाली. प्रत्येक गोष्टीपुढे ० ते १०० मधला त्रासाचा आकडा. उभ्या, बंद गाडीत बसणं: ४०. त्याच गाडीत इंडिकेटर लावून बसणं: ७०. दिवसा कोणीतरी चालवत असताना पुढच्या सीटवर: ७५. रात्री महामार्गावर: १००. सुरुवात मधल्या पायऱ्यांपासून. नियम एकच होता, आकडा खाली यायला लागेपर्यंत उठायचं नाही. निम्म्यावर आला तर उत्तम, नाहीतर निदान अर्धा-पाऊण तास.

धाकट्या भावाची गाडी घरासमोर लावलेली असायची. तो चालकाच्या जागी, मी शेजारी, किल्ली फिरवलेली, इंजिन बंद, उजवा इंडिकेटर चालू. पहिली दहा मिनिटं मी दाराची कडी धरून होते. तो बिचारा मोबाइलवर काहीतरी बघतोय असं दाखवत होता. 'ताई, बंद करू का?' 'नको.' थोड्या वेळाने परत, 'ताई, बॅटरी उतरेल गं.' मला हसू आलं. त्या आवाजात हसले ते पहिल्यांदाच. आकडा मात्र त्या दिवशी साठच्या खाली आला नाही.

मग खरं काम. डोळे मिटून, वर्तमानकाळात, 'मी' म्हणून सांगायचं.

'दादा गाडी चालवत होता...'

'चालवतोय,' मॅडम हळूच म्हणायच्या.

'चालवतोय. त्याने हीटर लावलाय. काचेवर वाफ धरलीय. तो एका हाताने फडक्याने पुसतोय.'

'त्रास किती?'

'साठ.'

'ठीक आहे. पुढे.'

आणि मी पुढे जात नसे. धडक यायच्या आधी गाडीतल्या सगळ्या वस्तूंचं वर्णन करायचे, मग एकदम 'लोक बॅटऱ्या घेऊन आले' इथे उडी. मॅडमनी ती उडी पहिल्यांदा तशीच जाऊ दिली. सांगून संपलं की 'पुन्हा सुरुवातीपासून'. एका सेशनमध्ये दोन-तीन फेऱ्या व्हायच्या, त्यानंतर डोळे उघडून त्यावर बोलणं. सगळं मोबाइलवर रेकॉर्ड होई आणि घरी ते रोज ऐकायचं. दुसरं काम करता करता नाही, नुसतं बसून.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. स्वप्नं वाढली. काहीजणांचा त्रास सुरुवातीला असा वाढतो आणि त्यावरून उपचार फसणार असं ठरत नाही, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते आधी ऐकलेलं नसतं तर मी सोडलंच असतं, बरेचजण सोडतातही. आई कानाला हेडफोन लावून रडणाऱ्या मुलीकडे दारातून बघायची. 'अगं, खपली धरलीय ती कशाला उकरतेस?' तिला काय सांगणार? खपली धरलीच नव्हती, झाकलं होतं फक्त. पुढे मॅडमनी तिला एकदा बोलावून घेतलं आणि तिच्या वाट्याला एकच काम दिलं: मी ऐकत असताना आत यायचं नाही. तिला ते माझ्यापेक्षा अवघड गेलं असावं.

आठवण थोडी सैल झाल्यावर मॅडमनी सगळी गोष्ट बाजूला ठेवली आणि ती गाळलेली जागा तेवढी धरली. हॉट स्पॉट म्हणतात त्याला. त्या तुकड्याचं चित्र जरा हळू फिरवायचं. माझा ठाम समज असा की धडकेनंतर तासभर मी दगडासारखी बसून राहिले. दादाला हाक मारली नाही, हात लावला नाही, काही म्हणजे काही केलं नाही. वर्षभर मी स्वतःला याच कलमाखाली शिक्षा देत होते.

'धडक झालीय. आता काय दिसतंय?'

'काहीच नाही. टिक-टॉक.'

'डावा हात कुठे आहे?'

'उचलत नाहीय.' गळपट्टीचं हाड मोडलं होतं ते.

'उजवा?'

मी बराच वेळ गप्प होते. उजवा हात दादाकडे गेला होता. त्याच्या खांद्यावर, मग मानेवर, मग नाकापुढे. आणि मला कळलं होतं. मग मी तो हात मांडीवर परत घेतला आणि तसाच घट्ट धरून ठेवला.

मी काही केलं नव्हतं असं नाही. मी बघितलं होतं, आणि जे कळलं ते मला ठेवायला जागा नव्हती, म्हणून 'काहीच केलं नाही' हे त्याच्यावर अंथरलं होतं. दोषी वाटणं सोपं होतं. तो गेल्याचं आपल्याच हाताला पहिल्यांदा कळलं, हे अवघड. आणि तो तास? लोकांनी मदतीसाठी केलेल्या पहिल्या फोनची वेळ नोंदलेली होती, घरच्यांना ती केव्हाच माहीत होती. सगळं मिळून काही मिनिटं.

इथे एक सांगायलाच हवं. अशा वेळी वर आलेला प्रत्येक तपशील जसाच्या तसा घडला असेल असं मी म्हणत नाही, मॅडमनीही म्हटलं नाही. आठवण म्हणजे पंचनामा नव्हे. त्यांनी माझ्या तोंडात एक शब्दही घातला नाही, 'मग तुम्ही हात लावला असेल ना?' असं विचारलं नाही. जो थेरपिस्ट तुम्हाला न आठवणारा प्रसंग 'नक्की घडलाय' म्हणून तुमच्याकडून काढून घ्यायला बघतो, त्याच्यापासून दूर राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या तुकड्यावर किती रडले ते सोडते. ऐकणं चालू राहिलं. आणि मग एका संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकत असताना माझ्या लक्षात आलं की मी विजेचं बिल भरलं की नाही याचा विचार करतेय. कानात माझाच आवाज 'तो काच पुसतोय' म्हणत होता आणि मला वाटत होतं, हो गं बाई, पुसतोय, माहीत आहे, पुढे चल.

मला माझ्या अपघाताचा कंटाळा आला होता.

भयंकर अपराधी वाटलं. पुढच्या सेशनला चाचरतच सांगितलं. मॅडम खुर्चीत मागे रेलल्या आणि चक्क हसल्या. म्हणाल्या, 'याचीच वाट बघत होते.' भीतीचा कंटाळा येत नाही. ज्या गोष्टीचा कंटाळा आला ती संपलेली गोष्ट असते, तिला सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो. मी वर्षभर टाळलेलं वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याच्यातला 'आज' निघून गेला होता.

समाजमाध्यमांवर हल्ली 'आघात शरीरातून काढून टाका', 'मेंदूचं वायरिंग बदला' असं बरंच फिरत असतं. माझं काही निघून गेलेलं नाही. आठवलेली आठवण पुन्हा साठवली जाताना काही काळ कच्ची असते, असं उंदरांवरच्या २००० सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. ते वाचून मीही हुरळले होते, की आपलीही पुसता येईल. पण प्रोलाँग्ड एक्सपोजरसारख्या उपचाराबद्दल सध्याची समज साधीच आहे. जुनी भीती खोडली जात नाही, तिच्याशेजारी एक नवी शिकवण बसते: इंडिकेटर वाजतोय आणि काही होत नाहीये. नवी जितक्या जास्त ठिकाणी, जास्त वेळा गिरवाल तितकी ती आधी हाताशी येते. म्हणून गृहपाठाला इतकं महत्त्व. म्हणूनच कधीतरी जुनी उसळीही मारते. मध्ये एकदा अनोळखी माणसाच्या गाडीत पाऊस सुरू झाला आणि काचेवर वाफ धरली, तेव्हा हात गार पडले होते. मी काच पुसली. पोचेपर्यंत आकडा तिसावर होता.

पण एका गोष्टीची तयारी मला कोणी करून दिली नव्हती. भीती ओसरली आणि तिच्यामागून दुःख आलं. सरळ, साधं. दादा नाही. वर्षभर मी त्याच्यासाठी रडलेच नव्हते, त्या गाडीतून बाहेर पडण्यासाठी रडत होते. लोकांचा शोक केव्हाच होऊन गेला होता, माझा आत्ता सुरू होत होता आणि सगळ्यांना वाटत होतं की उपचारांनी हिचं बिघडलं. मॅडमनी त्यावर काहीही 'केलं' नाही. हा आजार नाही, म्हणाल्या. काही सेशन आम्ही नुसतं दादाबद्दल बोललो, तो कसा खोटं खोटं रागवायचा त्याबद्दल.

वहिनीने मला अपघाताचं कधी विचारलं नव्हतं, कारण विषय निघाला की मी कोसळायचे. थेरपी संपत आली तेव्हा मीच तिला म्हटलं, 'तुला काही विचारायचं असेल तर विचार, मला आता सांगता येतं.' तिने बऱ्याच गोष्टी विचारल्या. काहींची उत्तरं माझ्याकडे नव्हती आणि तसं मी म्हटलं. माझ्या हाताचं तिला सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे कोणीतरी होतं त्याच्यापाशी.' हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

आता कोणी विचारलं, जावं का, तर मी म्हणते, थेरपिस्टला आधी तीन प्रश्न विचारा: आघातासाठी कोणती पद्धत वापरता, तिचं प्रशिक्षण घेतलंय का आणि मला घरी काय करावं लागेल? तिसऱ्याला 'काही नाही, फक्त येत राहा' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. मारहाण करणाऱ्याच्या घरात अजून राहावं लागत असेल किंवा जीव द्यायचे विचार जोरात असतील, तर ते पहिल्या भेटीत पहिल्या वाक्यात सांगा. तेव्हा आधी सुरक्षिततेचं बघतात, आठवणींचं नंतर. आणि अनेक वर्षं, अनेक प्रसंग सोसलेल्यांसाठी पद्धती वेगळ्याही आहेत. एकीत दोरीवर आयुष्य मांडतात, वाईट घटनांना दगड, चांगल्यांना फुलं, आणि मग क्रमाने सगळी गोष्ट सांगून लिहून काढतात. युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांसोबत ती बरीच वापरली गेली आहे.

रात्री महामार्गावर मी आता शेजारी बसून जाते. स्वतः चालवत नाही. मॅडमनी विचारलं होतं, ही टाळाटाळ की आवड? मी म्हटलं, मला गाडी चालवायला आधीपासूनच आवडत नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मी विचारलं नाही.